नोव्हेंबरात नवं वर्ष

निवृत्तिवेतन घेणाऱ्याला नोव्हेंबर विसरून चालत नाही. राज्य सरकारच्या निवृत्तांना बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करावी लागते, नाहीतर आधारवर आधारलेलं ‘जीवन प्रमाण’ काढावं लागतं. महालेखाकार कार्यालय, रेल्वे, वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि), मॉयल, शाळा-महाविद्यालयं यांतून निवृत्त झालेली माणसं नागपुरात गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे हा महिना इथे बँकांच्या रांगांवरूनही ओळखता येतो.

साठीनंतरचं पैशाचं आणि तब्येतीचं वर्ष याच महिन्यात सुरू करावं. एकतर पासबुकं, फायली, आधारकार्ड असं सगळं आयतंच कपाटाबाहेर आलेलं असतं. शिवाय नागपुरात चालण्याची सवय लावून घ्यायला याहून चांगले दिवस नाहीत. मार्चमध्ये केलेला संकल्प एप्रिलच्या उन्हात वितळतो. नोव्हेंबरात सुरुवात केली तर उन्हाळ्याआधी चार महिने हातात मिळतात.

वही मात्र एकच ठेवायची, पैशाची वेगळी आणि तब्येतीची वेगळी नको. या वयात बजेट कोलमडतं ते बहुधा दवाखान्यामुळे, आणि तपासण्या लांबणीवर पडतात त्या बहुधा पैशाच्या धास्तीने.

पहिलं पान : खर्च

मागच्या बारा महिन्यांची पासबुकं घ्या आणि खर्चाचे चार रकाने करा. घरखर्च, औषधं-तपासण्या, मुला-नातवंडांवरचा खर्च आणि वर्षातून एकदाच येणारा खर्च. शेवटच्या रकान्यात मालमत्ता कर, विम्याचा हप्ता, घराची डागडुजी, लग्नातले आहेर, प्रवास हे सगळं येतं. दर महिन्याला दिसत नसल्याने हा खर्च हिशेबातून निसटतो. त्याची बेरीज करून बाराने भागा आणि महिन्याच्या आकड्यात मिळवा. फक्त हिवाळ्यातल्या महिन्यांवरून अंदाज बांधू नका. कूलरच्या ताट्या बदलणं आणि एप्रिल ते जूनची विजेची बिलं यांनी नागपुरातला आकडा बराच वर जातो.

दुसरं पान : दरमहा येणारे पैसे

समजा, हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले ६२ वर्षांचे गृहस्थ आणि त्यांच्या ६० वर्षांच्या पत्नी आहेत. घर स्वतःचं, जमा ४० लाख, ईपीएस-९५ चं निवृत्तिवेतन ३ हजार आणि खर्च महिन्याला २२ हजार.

पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. एप्रिल २०२३ मध्ये तिचा व्याजदर ८.२ टक्के झाला. दर तिमाहीला सरकार दर जाहीर करतं, पण खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं कायम राहतो. यांनी २० लाख ठेवले तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ४१ हजार, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजारांच्या थोडं वर मिळतात. मासिक उत्पन्न योजनेत ७.४ टक्क्यांनी ९ लाख ठेवले तर महिन्याला ५,५५० रुपये. निवृत्तिवेतन धरून बेरीज २२ हजारांच्या किंचित वर जाते. खर्चाची तोंडमिळवणी झाली.

उरलेल्या ११ लाखांपैकी ३ लाख बँकेच्या ठेवीत, हाताशी ठेवायचे. अडीअडचणीला ज्येष्ठांच्या योजनेचं खातं मोडलं तर दुसऱ्या वर्षात मुद्दलाचा दीड टक्का आणि पुढे एक टक्का कापला जातो. ते खातं मोडायची वेळ येऊ नये, हे या तीन लाखांचं काम. वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं की उगमाशी कर कापतात. करपात्र उत्पन्न नसेल तर एप्रिलमध्येच पोस्टात तसा घोषणा-अर्ज द्यावा, म्हणजे कापलेले पैसे परत मिळवत बसावं लागत नाही.

राहिले ८ लाख. वरची तोंडमिळवणी आजची आहे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६, म्हणजे बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. ७४ व्या वर्षी याच घराला ४४ हजार लागतील आणि व्याज आहे तेवढंच राहील. म्हणून या ८ लाखांतला काही भाग चढउतार सोसण्याची तयारी ठेवून म्युच्युअल फंडासारख्या वाढणाऱ्या गुंतवणुकीत आणि बाकीचा लांब मुदतीच्या ठेवीत असावा. तरीही पंचाहत्तरीच्या आसपास मुद्दलाला हात लावावा लागेल. ‘मुद्दल मोडायचं नाही’ हा आपल्याकडचा जुना दंडक, पण ते साठवलं म्हातारपणासाठीच. ते हळूहळू वापरावं. वारसांसाठी राखून ठेवत स्वतः औषधाची गोळी अर्धी करून खाऊ नये.

जास्त व्याजाचा मोह इथेच गाठतो. २०१३ मध्ये श्रीसूर्या आणि २०१४ मध्ये वासनकर ही प्रकरणं नागपुरात उघडकीला आली. मोठ्या परताव्याच्या आशेने पैसे गुंतवलेली कुटुंबं तेव्हापासून न्यायालयाच्या तारखा मोजत बसली. सरकारी योजनेपेक्षा कितीतरी जास्त व्याज ‘खात्रीने’ देऊ करणारा माणूस ओळखीचा असला तरी नकार द्यावा. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याजासह, ५ लाखांपर्यंतच असतं. सहकारी बँकेत त्याहून मोठी ठेव असेल तर ती विभागून ठेवावी.

तिसरं पान : तब्येतीचे आकडे

‘तब्येत सांभाळायची’ हे ध्येय मोजता येत नाही. मोजता येईल असं ध्येय घ्या. पहिला आकडा घरच्या खुर्चीवर मिळतो. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर दुमडा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. शेजारी कोणीतरी उभं असू द्या. ६५ ते ६९ या वयात पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी वेळा जमलं तर मांड्यांची ताकद कमी आहे आणि पडण्याचा धोका वाढला आहे, असं समजतात. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर शस्त्रक्रिया होते, अंथरूण धरावं लागतं आणि तीन लाखांच्या ठेवीलाही पहिला हात तिथेच लागतो.

दुसरा आकडा रक्तदाबाचा. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसावं, दंड हृदयाच्या पातळीला ठेवावा आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. तिसरा आकडा एचबीए१सीचा. उपाशीपोटीची साखर त्या सकाळपुरती असते, ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. त्यामुळे तपासणीच्या आदल्या आठवड्यात केलेलं पथ्य इथे कामी येत नाही.

व्यायामाचं माप जागतिक आरोग्य संघटनेने दिलं आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं दमदार चालणं, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. हृदयविकार किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंबाझरी, फुटाळा किंवा सेमिनरी हिल्सला जाता येतं. मार्चनंतर वेळ पहाटेची करावी आणि नवतप्यात चालणं बंद ठेवून घरातच खुर्चीचा व्यायाम करावा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात लोणचं, पापड, शेव आणि तर्रीपोह्यातलं मीठही मोजायचं.

चौथं पान : दवाखाना आणि कागद

नोकरीतला सामूहिक आरोग्य विमा बहुधा निवृत्तीबरोबर संपतो. नव्या विम्यात आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते, म्हणून स्वतःचा विमा नोकरीत असतानाच घेतलेला बरा. आता उशीर झाला म्हणून निराश होऊ नका. एप्रिल २०२४ पासून विमा घेण्यासाठी वयाची सरसकट वरची मर्यादा राहिलेली नाही. अर्जात मधुमेह किंवा रक्तदाब लपवू नका, त्या कारणाने दावा नाकारला जाऊ शकतो. सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, हे आजारी पडायच्या आधी पाहून वहीत लिहावं.

प्रत्येक खात्याला नामनिर्देशन केलेलं आहे का, तेही तपासा. नामनिर्देशित व्यक्तीला बँक पैसे देते, पण ते कोणाचे हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून होतं. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही.

पुढच्या नोव्हेंबरात हयातीची सही करून आलात की त्याच आठवड्यात वही उघडा आणि पाच आकडे नव्याने लिहा : महिन्याचा खर्च, महिन्याची आवक, खुर्चीचा, रक्तदाबाचा आणि एचबीए१सीचा. आवक खर्चाच्या मागे पडली असेल तर वाढत्या गुंतवणुकीतून वर्षभराची तूट काढून बचत खात्यात ठेवा. खुर्चीचा आकडा घटला असेल तर डॉक्टरांना दाखवा, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या आणि तो खर्च पहिल्या पानावर औषधांच्या रकान्यात लिहा.