परगावची पेट्रोल मोटार आणि वऱ्हाडचा हिशेब

अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरील लोणी ते माना ह्या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात झाली. ज्यांनी ह्या वाटेवरील जुने खड्डे वर्षानुवर्षे सोसले, मूर्तिजापूर येईपर्यंत ज्यांची कंबर धरत असे, त्यांना ह्या विक्रमापेक्षाही एक साधी गोष्ट अधिक मोलाची वाटली : जीप किंवा तत्सम दणकट वाहनावाचून ज्या रस्त्याला जाणे शहाणपणाचे नव्हते, तेथे आता घरातील वृद्ध मातापित्यांना मागील आसनावर बसवून, सामान डिकीत ठेवून, जमिनीलगतची शांत सेडान मोटार सुखाने नेता येऊ लागली. रस्ता बदलला, इंधनाच्या किमतींतील जुने अंतरही बदलले, परंतु वऱ्हाडातील मोटार घेणाऱ्या गृहस्थाची मनोवृत्ती अद्याप पुष्कळशी जुन्याच मुक्कामावर आहे, आणि चौकात चार माणसांचा सल्ला विचारला तर 'गाडी घ्याची तं डिझेलचीच' हाच निर्वाळा आजही मिळतो.

हा निर्वाळा निराधार होता असे मुळीच नाही. कापसाच्या ह्या मुलखात शेतकऱ्याचा यंत्राशी पहिला परिचय झाला तो विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या द्वारे. पुढे ट्रॅक्टर आला, मालट्रक आला, आणि गावोगावच्या प्रवाशांना तालुक्याच्या ठिकाणी पोहोचविणारी काळी-पिवळी आली. ह्या सर्वांचे इंधन एक, त्यांची दुरुस्ती करणारा फिटर एक, आणि पंप व नोझल तपासून देणारे दुकानही एकच. तेव्हा ज्याच्या शेतात डिझेल होतेच त्याने दारातही डिझेलचीच गाडी उभी करावी, ह्यात व्यवहारचातुर्य होते. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली व डिझेलची छोटी मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्यानंतर फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाने अनेक कंपन्यांच्या गाड्यांत प्रवेश केला, आणि 'डिझेल म्हणजे ट्रकची धडधड' ही समजूतही मागे पडली.

परंतु ह्या आवडीमागे यंत्राच्या गुणाइतकाच सरकारच्या मूल्यधोरणाचा हात होता, हे ध्यानात घेतल्यावाचून प्रस्तुत विषयाचे मर्म कळत नाही. शेती व मालवाहतूक ह्यांवर बोजा पडू नये ह्या हेतूने डिझेलची किंमत दीर्घकाळ कृत्रिमरीत्या खाली ठेवण्यात आली होती. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र झाले नाहीत. परिणामी मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले असता डिझेल ४१ रुपयांच्या आसपास मिळत होते. एवढी तफावत डोळ्यांसमोर असताना पेट्रोलची मोटार घेणे म्हणजे उधळपट्टी, असे मत बनणे स्वाभाविकच होते. पुढे जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर दरमहा थोडेथोडे वाढविण्यात आले, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ ही कडक प्रदूषणमर्यादा लागू होताच देशातील सर्वांत मोठी मोटार कंपनी मारुती हिने डिझेल गाड्या बनविणेच थांबविले. ज्या कारणाने सवय जडली ते कारण अशा रीतीने सरले. सवय मात्र उरली.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने नवा हिशेब स्वतःच्या वहीत मांडावा. समजा, पेट्रोलची मोटार लिटरला १५ किलोमीटर आणि तोलाची डिझेलची मोटार २० किलोमीटर धावते, आणि पेट्रोल १०५ रुपये तर डिझेल ९२ रुपये लिटर आहे. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणाऱ्या गृहस्थास पेट्रोलपोटी सुमारे ७०,००० रुपये आणि डिझेलपोटी ४६,००० रुपये पडतील, म्हणजे डिझेलची बचत २४,००० रुपयांची होईल. पण ज्याचे फिरणे शाळा, बाजार, दवाखाना, महिन्यातून एकदा शेगाव आणि उन्हाळ्यात एकवार चिखलदरा एवढ्यापुरतेच असून वर्षाकाठी ५,००० किलोमीटरही भरत नाही, त्याची बचत १२,००० रुपयांवर येते. जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर किंवा टर्बो ह्यांपैकी एखादे काम निघाले, तर अशी दोनतीन वर्षांची बचत एका खेपेत खर्ची पडू शकते. ज्याला दररोज अकोला-अमरावती ये-जा करावयाची आहे त्याला डिझेल अजूनही परवडेल. पण मोटार ज्याच्या दारात आठवड्यातील पाच दिवस उभीच असते, त्याने शेजाऱ्याच्या हिशेबावरून आपला निर्णय करू नये.

आता प्रश्न येतो तो वापरलेली पेट्रोल मोटार आणावी कोठून हा. परदेशातून वापरलेली मोटार आणण्याचा विचार सामान्य कुटुंबाने मनात धरण्याचे कारण नाही; ती तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे सुकाणू उजव्या बाजूस असावे, ती मुंबई बंदरातूनच उतरावी अशा अटी असून शिवाय जकात इतकी जबर की मूळ किमतीपेक्षा सरकारी देणेच अधिक व्हावे. वऱ्हाडच्या दृष्टीने खरी 'आयात' होते ती मुंबई-पुण्याहून किंवा दिल्लीहून. स्थानिक बाजारात जुन्या डिझेल गाड्या मुबलक, पण जपून वापरलेली पेट्रोल सेडान शोधू गेल्यास निवडीला फारसा वाव राहत नाही. नोकरदारांच्या मोठ्या शहरांत स्थिती वेगळी आहे. उदाहरणार्थ, होंडा कंपनीने २०१३ पर्यंत भारतात डिझेलची एकही मोटार विकली नव्हती, त्यामुळे त्या काळापर्यंतची प्रत्येक 'सिटी' ही पेट्रोलचीच आहे.

मुंबई-पुण्याची मोटार घेण्यात मोठी सोय ही की ती ह्याच राज्यात नोंदलेली असल्यामुळे एकरकमी वाहनकर पुन्हा भरावा लागत नाही व क्रमांकही बदलत नाही. मालकीचे हस्तांतरण तेवढे करून घ्यावे लागते. पण मुंबईच्या गाडीची परीक्षा तिच्या गावाच्या हवापाण्यानुसार झाली पाहिजे. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा खालून गंजतो, म्हणून गाडी उचलून तिचा तळ पाहावा. पावसाळ्यात पाण्यात बुडालेली गाडी बाहेरून कितीही चकचकीत केली तरी एका ठिकाणी सत्य सांगते : आसनाचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहावा; त्याच्या आतल्या भागावर चिखलाची सुकलेली रेघ किंवा कुबट वास आढळल्यास पुढची बोलणी तेथेच थांबवावीत. सी.एन.जी.चा संच बसविलेला असेल तर त्याची नोंद आर.सी.वर आहे की नाही आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी मुदतीत झाली आहे की नाही, हे पाहणे आवश्यक. इंजिन पाहावयाचे तर भल्या सकाळी, मालकाने ते सुरू करून ठेवण्यापूर्वी जावे, बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी आणि मगच चावी फिरवावी. मागून निळसर धूर निघाला तर इंजिन तेल जाळते आहे असे समजावे.

दिल्लीच्या मोटारींची कथा निराळी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल मोटारींना दिल्लीच्या परिसरात मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये डिझेलला दहा व पेट्रोलला पंधरा वर्षे ही मर्यादा कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयाच्या कारणास्तव मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा हुकूम दिला, आणि त्यानंतरही हा विषय न्यायालयापुढे येत राहिला. ह्या घडामोडींचा बाजारावर परिणाम असा की दहा वर्षांच्या उंबरठ्यावरची डिझेल मोटार दिल्लीत मातीमोल होते आणि दूरच्या राज्यांत स्वस्त म्हणून विकावयास येते, तर त्याच वयाच्या पेट्रोल मोटारीला तेथेच मागणी असल्याने तिची किंमत टिकून राहते. तेव्हा दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल मोटार पाहून मोहात पडणाऱ्याने तिच्या स्वस्ताईचे कारण आधी विचारावे, आणि पेट्रोलची मोटार अवाजवी स्वस्त दिसली तर दुप्पट सावध व्हावे.

परराज्याच्या गाडीत यंत्रापेक्षा कागदच अधिक जड असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये मूळ नोंदणी कार्यालयाकडून नमुना २८ मधील नाहरकत दाखला घ्यावा लागतो. विक्रीची सूचना नमुना २९ मध्ये, हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३० मध्ये आणि नव्या क्रमांकाची मागणी नमुना २७ मध्ये करावी लागते. गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५ असल्याखेरीज तारणाची नोंद उतरत नाही. मग येथील आर.टी.ओ. कार्यालय गाडीचे वय, मूळ किंमत व इंधन पाहून महाराष्ट्राचा कर आकारते. दहा लाखांपर्यंतच्या नव्या खासगी मोटारीस पेट्रोलसाठी ११ व डिझेलसाठी १३ टक्के असा दराचा भेद असल्याने येथेही पेट्रोलचा मालक थोडा लाभात राहतो. नंतर अमरावतीचा एम.एच. २७ किंवा अकोल्याचा एम.एच. ३० हा क्रमांक मिळतो, आणि तेव्हा ती मोटार खऱ्या अर्थाने वऱ्हाडची होते.

ह्या सगळ्या दस्तऐवजांत एक लहानसा कागद मला नेहमी विशेष बोलका वाटतो. चेसिसवर कोरलेल्या अंकांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की काळ्या छटेतून एकेक पांढरे अक्षर उमटत जाते, आणि ती छाप अर्जाला चिकटवावी लागते. विकत घेणाऱ्याने हे काम एजंटावर न सोपविता, गाडीखाली वाकून, आपल्या हाताने करावे. उमटलेली सतरा अक्षरे व अंक आर.सी.शी एकेक करून ताडून पाहावेत. एखादा अंक इतरांहून खोल किंवा तिरका दिसला, भोवतालचा पत्रा घासलेला आढळला, तर तो सौदा करू नये. चोरीची गाडी ओळखण्याची ह्याहून स्वस्त परीक्षा नाही.

गाडी घरी आल्यावरही दोन गोष्टी येथल्या मातीने शिकविलेल्या आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, दर्यापूर असो की अकोल्याकडची गावे, जमिनीतील पाणी खारट आहे. ४५ अंशांच्या उन्हात इंजिन तापले म्हणून वाटेतल्या बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये वारंवार ओतले तर क्षार साचून त्याच्या बारीक नळ्या बुजतात, म्हणून कुलंट व शुद्ध पाणी ह्यांचे मिश्रणच वापरावे. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असल्याने धाव थोडी घटते, आणि जुन्या गाडीतील रबरी नळ्या व गॅस्केट लवकर झिजू शकतात. एप्रिल २०२३ पूर्वीची मोटार घेणाऱ्याने त्या बदलण्याची तजवीज खर्चात आधीच धरावी. तसेच पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण एप्रिल २०२२ पासून ६०० ऐवजी ५,००० रुपयांचे झाले आहे, हेही किंमत ठरविताना विसरू नये.

शेवटी विकणारा व घेणारा ह्या दोघांनाही कळकळीने सांगावेसे वाटते ते हे की, चावी हातात आली म्हणजे व्यवहार पुरा झाला असे समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे की गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली असली तरी अपघाताच्या नुकसानभरपाईस नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच मालक जबाबदार धरला जाईल. घेणाऱ्याने विम्याची पॉलिसी हस्तांतरणानंतर चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घ्यावी. विकणाऱ्याने नावाचा फेरफार झाल्याची खात्री स्वतः करून घ्यावी. आणि घरासाठी पेट्रोलची जुनी मोटार आणू इच्छिणाऱ्या प्रत्येक वऱ्हाडी कुटुंबाने मोबदल्याचा शेवटचा हप्ता आर.सी.वर आपले नाव चढल्याखेरीज कोणाच्याही हाती देऊ नये.