गुदामाच्या कोब्यातील ओल : लेप देण्यापूर्वी परीक्षा करा

धान्याच्या गुदामातील सिमेंटचा कोबा झाडण्यास सोपा व्हावा, त्याची धूळ उडू नये आणि बारीक भेगांत किडींना आसरा मिळू नये, यासाठी त्यावर इपॉक्सीसारखा लेप देतात. हा खर्च लहान नसतो. तथापि लेप दिल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्याला फुगे येतात व पोपडे सुटू लागतात, असे कित्येक ठिकाणी घडते. अशा वेळी दोष लेपाला दिला जातो. पण पुष्कळदा खरे कारण कोब्यात दडलेली ओल हेच असते.

ओल येते कोठून?

काँक्रीट वरून कितीही घट्ट दिसले तरी त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. दिव्याची वात जसे तेल ओढते, तसे जमिनीतील पाणी या छिद्रांतून वर चढते. उघड्या कोब्यावरून ते वाफेच्या रूपाने निघून जाते, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. लेपाने ही वाट बंद झाली की ओल त्याखाली साचते, सिमेंटमधील क्षार विरघळवते आणि लेपाची पकड सोडवते.

नव्या कोब्यात त्याचे स्वतःचेही पाणी असते. २८ दिवसांत काँक्रीटला अपेक्षित बळकटी येते, याचा अर्थ ते वाळले असा नव्हे. पाणी मारणे थांबविल्यानंतर दर २.५ सेंटिमीटर जाडीस सुमारे एक महिना, असा स्थूल हिशेब धरतात. म्हणजे १० सेंटिमीटर जाडीच्या कोब्यास सुमारे चार महिने लागतील. दमट हवेत याहूनही अधिक.

सोपी परीक्षा

१. जागा खरवडून व झाडून स्वच्छ करावी. तेथे ऊन पडत नसावे.

२. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीरुंदीचा, ०.१ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून चारही कडा रुंद चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात.

३. निदान १६ तास तो हलवू नये. पूर्ण एक दिवस व रात्र ठेवल्यास उत्तम.

४. नंतर तुकडा उचलून पाहावा. खालच्या बाजूस पाण्याचे थेंब असतील किंवा कोबा काळसर पडला असेल, तर ओल कोब्यातून येत आहे. थेंब केवळ वरच्या बाजूस असतील, तर ते हवेतील दमटपणाचे समजावेत.

साधारण ४५ चौरस मीटरला एक तुकडा लावावा. गुदाम लहान असले तरी भिंतीलगत, कोपऱ्यात व मध्यभागी मिळून तीन ठिकाणी पाहणे इष्ट.

ही परीक्षा वैशाखातच करून स्वस्थ बसू नये. त्या काळात भूजल खोल गेलेले असते आणि ओलसर कोबाही कोरडा भासतो. श्रावण-भाद्रपदात पुन्हा पाहावे व दोन्ही वेळा कोरडा ठरलेल्या कोब्यावरच लेप द्यावा.

प्लॅस्टिक कोरडे निघाले तरी खोलवरची ओल नाहीच, अशी खात्री देता येत नाही. काम मोठे असल्यास जाणकाराकडून कोब्याला जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत छिद्र पाडून, ते बंद ठेवून आतील सापेक्ष आर्द्रता यंत्राने मोजून घ्यावी. लेपाच्या उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेशी तो आकडा ताडून पाहावा.

ओल आढळल्यास

प्रथम पाणी अडवावे. पन्हळ दुरुस्त करावी, वळचणीचे पाणी जोत्यापासून दूर न्यावे आणि भोवती उताराचा चर काढावा. त्यानंतर परीक्षा पुन्हा करावी. तरीही ओल राहिल्यास लेपाचा नाद सोडावा. लाकडी चौकटींवर पोती रचावीत आणि थप्पी भिंतीपासून दूर ठेवावी. अन्यथा तळच्या पोत्यांना बुरशी लागून वर्षाची कमाई नासते. नवे गुदाम बांधताना मात्र कोब्याखाली २५० मायक्रॉन जाडीचा पॉलिथीनचा अखंड थर अवश्य घालावा. हे काम मागाहून करणे फार महाग पडते.

प्लॅस्टिकचा तुकडा व चिकटपट्टी यांस लागणारा खर्च नगण्य आहे. लेपाचा डबा विकत घेण्यापूर्वी ही परीक्षा करावी व तिची तारीख आणि निष्कर्ष गुदामाच्या वहीत नोंदवून ठेवावा.