स्वाहिलीतला ‘जा’ म्हणजे ये!

बालमित्रांनो, टांझानिया-केनियात बोलली जाणारी स्वाहिली शिकायचीय? ‘सोमा’ म्हणजे वाच. त्याच्याआधी ‘ना’ लावला की झाला वर्तमानकाळ! अगदी पुढे माणूस बसवायचा: निनासोमा – मी वाचतोय, उनासोमा – तू, अनासोमा – तो. आणि ती? तीसुद्धा अनासोमाच! आपल्यासारखं वाचतो-वाचते नाहीच. (मला तर हे फार आवडलं.) तुनासोमा – आम्ही, वानासोमा – ते.

खरी गंमत नकारात. ‘ना’ गळतो, शेवटचा ‘आ’ ‘ई’ होतो: सिसोमी, मी वाचत नाही.

एवढुशी क्रियापदं मात्र होकारात ‘कु’चं बोट सोडत नाहीत. ‘जा’ म्हणजे येणे, म्हणून अनाकुजा. मामा येतोय की मामी, कळायचं नाही! ‘ला’ म्हणजे खाणे. मग ‘निनाकुला चपाती’चा अर्थ सांगा बरं?