दहा-पंधरा वर्षांची सवलत

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. बाहेरच्या माणसाला हा आकडा कौतुकाचा वाटेल. कोकणातल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पुरुष मुंबईला आहेत. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, जमलं तर मे महिन्यात चार दिवस येतो. भातलावणी, गुरं, आंब्या-काजूचा हंगाम, सासऱ्यांच्या गोळ्या, मुलांची शाळा हे सगळं मागे राहिलेली बाई ओढते, आणि स्वतःचं दुखणं अंगावर काढते.

अंगावरून पांढरं जातंय, त्याला वास येतोय. पाळी जाऊन चार वर्षं झाली तरी परत डाग दिसतोय. संबंधानंतर रक्त जातंय. यातलं शेवटचं तर ती सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. आशाताईने खोदून विचारलंच तर ‘उष्णता असेल’ म्हणून विषय संपतो. कंबर धरते, पाय सुजतो, लघवी अडते, तेव्हा घरातले जागे होतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘परळला टाटात न्या’. मग रात्रीची गाडी, नातेवाइकाची लालबागची खोली किंवा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, आणि कित्येक आठवडे रेडिएशन.

डॉक्टर याला गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणतात, बायका पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि जवळजवळ ८० हजार दगावल्या. बहुतेक कर्करोगांचं कारण विचारलं तर डॉक्टर वय, आनुवंशिकता, तंबाखू, आहार अशी यादी सांगतात. इथे मुख्य आरोपी एकच आहे आणि तो सापडलेला आहे: ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. तो शरीरसंबंधातून पसरतो.

या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. हातापायांवरचे चामखीळ हेही त्याच कुळातले. कर्करोगाशी संबंध असलेले प्रकार डझनभर, आणि त्यातले १६ आणि १८ हे दोन क्रमांक जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना जबाबदार धरले जातात. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३-८४ मध्ये हे दोन प्रकार गाठींमध्ये शोधून काढले. त्याआधी बरीच वर्षं संशय हर्पीसवर होता आणि त्सुर हाउझेन यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेत नव्हतं. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पेशी बेताल वाढू नयेत म्हणून शरीराने दोन प्रथिनं राखणीला ठेवलेली असतात. विषाणूचं ई-६ नावाचं प्रथिन त्यातल्या एकाचा, पी-५३ चा, नाश घडवून आणतं. ई-७ दुसऱ्याला, आरबीला, निकामी करतं. मग बिघडलेली पेशी मरत नाही, वाढत राहते. पण हे एका रात्रीत होत नाही, आणि बहुतेक वेळा होतच नाही. दहातल्या साधारण नऊ जणींचं शरीर दोन वर्षांच्या आत विषाणूला स्वतःच हुसकावून लावतं. ज्यांच्या अंगात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही पेशींतला पहिला बदल आणि पसरणारा कर्करोग यांच्यात सहसा दहा-पंधरा वर्षं जातात. इतकी सवलत देणारा कर्करोग विरळा. सोबत एचआयव्ही असेल तर मात्र धोका सुमारे सहा पटींनी वाढतो आणि ही मुदतही आखडते.

आता ज्या प्रश्नापाशी घरातली बोलती बंद होते, तो प्रश्न. शरीरसंबंधातून येतो म्हटलं की पहिला विचार येतो, ‘कोणाकडून आला?’ नवरा मुंबईला, बायको गावाला. संशयाला दोन्ही टोकांना जागा. या प्रश्नाला वैद्यकशास्त्राकडे उत्तर नाही, आणि ते शोधण्यात काही हशीलही नाही. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी ही लागण होते. ती कळत नाही, ताप येत नाही, जखम होत नाही. लग्नाआधीची लागण वीस वर्षांनी तपासणीत दिसू शकते. एकच जोडीदार असलेल्या बाईलाही होते. कंडोमने धोका कमी होतो, पण त्वचेच्या स्पर्शातूनही विषाणू जात असल्याने पूर्ण टळत नाही. तेव्हा एचपीव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो चारित्र्याचा दाखला म्हणून वाचणाऱ्याला रिपोर्ट वाचता येत नाही, एवढंच म्हणता येईल.

हे उघडपणे बोलायला हवं असं म्हणणारा माणूस याच जिल्ह्याशी नातं सांगणारा होता. दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या कर्व्यांच्या घराण्यातले, महर्षींचे थोरले चिरंजीव, रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावर पुस्तक लिहिलं, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. कर्व्यांना गर्मी-परमा ठाऊक होते, एचपीव्ही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण बायकांच्या आरोग्याची निम्मी भानगड लाजेने केलेली आहे हे त्यांचं निदान अजून खोडता आलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही भरल्या नाहीत.

आणि गंमत अशी की, ही तपासणी करावी का, कोणती करावी, याचा जगाला दाखवण्याजोगा पुरावा महाराष्ट्रातल्या खेड्यांनी दिलेला आहे. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. नोंदणी करणारे गावात जायचे, बायकांशी बोलायचे, लक्षणं सांगायचे. नुसत्या या बोलण्यानेच रुग्ण आधीच्या टप्प्यात यायला लागल्या, असं आढळलं. मग बार्शीची ही मंडळी, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, मोठा अभ्यास मांडला. ५२ गावगट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, चार गट. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, चौथ्याला नेहमीचीच सेवा. तीन तपासण्यांपैकी कोणतीही आयुष्यात फक्त एकदा.

निकाल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. पुढच्या टप्प्यातले कर्करोग ३९ विरुद्ध ८२. पॅप आणि डोळ्यांनी पाहणीच्या गटांत मृत्यूंमध्ये तेवढा ठळक फरक दिसला नाही. एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आलेल्या स्त्रियांपैकी तर त्या काळात या रोगाने कुणीच दगावलं नाही. ज्वारीच्या पट्ट्यातल्या, बहुसंख्य निरक्षर अशा बायकांनी एकदा दिलेल्या नमुन्यातून हे निघालं. तपासणी न मिळालेल्या चौथ्या गटाबद्दल पुढे नैतिकतेचे प्रश्न उठले. ते उठायलाच हवे होते. त्या ६४ जणीही कुणाच्या तरी आयाच होत्या.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाने दीड लाखांवर स्त्रियांचा दुसरा अभ्यास केला. तिथे डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या, आणि दर दोन वर्षांनी डोळ्यांनी पाहणीच्या अशा चार फेऱ्या झाल्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे डोळ्यांनी पाहणी एकदाच करून भागत नाही, पण नेटाने केली तर तीही जीव वाचवते.

ही पाहणी असते तरी कशी? बाई टेबलावर गुडघे मोडून निजते. नर्स स्पेक्युलम घालून दिवा मारते. गर्भाशयाचं मुख गुलाबी, बोराएवढं दिसतं. त्याला तीन ते पाच टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये, म्हणजे घरगुती व्हिनेगरच्या जवळपासच्या द्रावणात, बुडवलेला बोळा लावून एक मिनिट थांबायचं. खोलीत लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास येतो. निरोगी भाग तसाच राहतो. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढराफटक होतो आणि त्याची कड ठळक दिसते. पाच मिनिटांत सगळं आटोपतं. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे; पुढे कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पाहणी, होते, लागलं तर तुकडा तपासतात. कर्करोगपूर्व बदल असेल तर तेवढाच भाग गोठवून, उष्णता देऊन किंवा विजेच्या तारेने काढून टाकतात. पिशवी शाबूत राहते, बाई संध्याकाळी घरी जाते.

कोकणात हे पोचलेलंच नाही असं नाही. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या साथीने टाटा मेमोरियलने रत्नागिरी जिल्ह्यात वाड्यावस्त्यांवर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी केली, जिल्ह्याची कर्करोग नोंदणीही उभी राहिली. सरकारी कार्यक्रमातही तिशीच्या पुढच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा ही पाहणी व्हायची आहे. अडचण टेबलापर्यंत येण्याची आहे. लावणीत शिबिर ठेवलं तर कोण येणार? खोलीला पडदा नसेल, तपासणारा पुरुष असेल, तर आलेलीही परत जाते. म्हणूनच बाईने स्वतः आडोशाला जाऊन घ्यायच्या नमुन्यावर मला जास्त भरवसा वाटतो. काडी फिरवायची, नळीत घालायची, आशाताईकडे द्यायची. एचपीव्ही चाचणीला असा नमुना चालतो, आणि जागतिक आरोग्य संघटनाही आता तो मान्य करते.

लशीची कथा आणखी नागमोडी आहे. एचपीव्हीच्या लशी २००६ पासून जगात आल्या. भारतात २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एका प्रात्यक्षिक प्रकल्पात मुलींना ती दिली गेली. सात मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही. पण पालकांची संमती ज्या पद्धतीने घेतली गेली, त्यावर संसदीय समितीने सडकून टीका केली, आणि ती रास्त होती. २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. त्यात दोन मात्रा पुरतात की तीनच हव्यात हे पाहणारा एक वेगळा अभ्यास अडकला. बार्शी, पुणे, मुंबई ही त्याची काही केंद्रं होती. हजारो मुलींना एकच मात्रा मिळून काम ठप्प झालं. संशोधकांनी त्या मुलींचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष आला: १६ आणि १८ क्रमांकांच्या चिवट लागणीपासून एका मात्रेने मिळणारं संरक्षण सुमारे ९५ टक्के, म्हणजे दोन-तीन मात्रांइतकंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही चालेल असं म्हटलं, त्यामागे या थांबलेल्या अभ्यासाचाही आधार होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ला परवानगी मिळाली. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याचं रिकामं कवच असतं. त्यामुळे लशीने लागण होईल ही भीती निराधार आहे. ती ९ ते १४ वयात द्यायची, कारण लागणीच्या आधी दिली तरच तिचा पुरता उपयोग.

भीतीचा धंदाही होतो, तोही सांगायला हवा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयात काढल्याचं प्रकरण गाजलं. पांढरं जातं म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या कित्येकींना ‘कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं होतं. अंगावरून पांढरं जाण्याचं कारण बहुधा साधा जंतुसंसर्ग असतो. पॅप, एचपीव्ही किंवा तुकड्याचा रिपोर्ट हातात नसताना कुणी पिशवी काढायला सांगत असेल, तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जावं.

पुरुष यातून सुटलेले नाहीत. हाच विषाणू घशाचा, गुदद्वाराचा आणि लिंगाचा कर्करोग करतो. हिपॅटायटिस बी सुद्धा शरीरसंबंधातून पसरतो आणि यकृताचा कर्करोग करतो. त्याची लस आज बाळांना जन्मतःच देतात आणि त्यात कुणाला लाजिरवाणं वाटत नाही. एचपीव्हीच्या लशीचं मात्र ‘मुलीला आत्तापासून कशाला’ असं होतं.

आठवीतल्या मुलीला लशीसाठी नेणारी आई बहुधा तिशी ओलांडलेली असते. लस तिच्या आधीच्या लागणीवर काही करत नाही. तिला तपासणी लागते, आणि लेक सुई टोचून घेऊन अर्धा तास बाकावर बसलेली असते तेवढ्या वेळात ती होते. आरोग्य केंद्रात जायच्या आधी आशाताईला फोन करून तपासणारी नर्स कोणत्या वारी असते ते विचारून घ्यावं, आणि लेकीची तारीखही त्याच वारची मागावी.