परसातली कोंबडी : रंग, रवण आणि खुराडे

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांची ओळख करून देताना आपण शिवनेरीचे नाव घेतो, नाणेघाट आणि भीमाशंकर सांगतो, नारायणगावचा टोमॅटोही विसरत नाही. कोंबडीचे नाव मात्र कोणी घेत नाही. आणि तरीही आपटाळ्याच्या पलीकडच्या किंवा डिंभ्याच्या वरच्या कोणत्याही वाडीत पहाटे जा. पहिली हाक ऐकू येते ती कोंबड्याचीच.

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे, कोंबड्यांचा डॉक्टर नव्हे. तेव्हा माझे कोंबडीकडे लक्ष गेले ते घरखर्चाच्या वहीतून. ऊस, कांदा, हिरडा यांचा पैसा बहुधा घरधन्याच्या हाती पडतो. अंड्यांचा पैसा घरच्या बाईच्या हाती राहतो. मीठमिरची, मुलांची वही, आजारपणातले एसटीचे भाडे हे सारे त्यातून भागते. म्हणूनच परसातली दहाबारा कोंबडी ही हौस नव्हे. ती घरातली लहानशी पेढी आहे, आणि पेढी बुडाली म्हणजे काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याविषयी पुढे सांगेन.

आधी रंगाचे बोलू. कारण कोंबडी विकत घेताना आपण पहिल्यांदा पाहतो तो रंग. पुष्कळांची समजूत अशी की, रंग ही नुसती शोभा. तसे नाही. पांढरीशुभ्र लेगहॉर्न पिंजऱ्यात अंडी भरपूर देते खरी, पण मोकळ्या परसात घारीला ती लांबून दिसते. तांबडी, करडी, ठिपक्यांची गावठी कोंबडी पाचोळ्यात बसली की दिसेनाशी होते. परसासाठी हैदराबादच्या केंद्रीय संस्थेने तयार केलेली वनराज किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज ही वाणे रंगीत ठेवली आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरे कारण बाजाराचे. गिऱ्हाइकाला रंगीत कोंबडी गावठी वाटते आणि तो दोन पैसे जास्त देतो. मानेवर पिसे नसलेली कोंबडी कुरूप दिसते, पण उन्हाळ्यात तिच्या अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. झाबुआची कडकनाथ तर कातडीपासून हाडापर्यंत काळी. तिला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आता तुम्ही विचाराल, पिलात रंग येतो कसा? मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे इंग्लंडात विल्यम बेटसन यांनी 1902 साली दाखवले ते कोंबड्यांवरच प्रयोग करून. प्रत्येक गुणाचे दोन वाटे असतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. लेगहॉर्नचा पांढरा रंग जबरदस्त. रंगीत कोंबडीशी जोड लावली तरी पिले बहुतेक पांढरीच निघतात. उलट काही जातींतला पांढरा दबून राहणारा असतो. म्हणून कधी कधी दोन रंगीत जनावरांच्या पोटी पांढरे पिलू निघते आणि शेजारणी एकमेकींच्या कोंबड्यावर संशय घेतात! संशयाचे कारण नाही. तो रंग दोघांच्याही अंगात लपलेला होता.

याहून गमतीची गोष्ट पट्ट्यांची. कोंबडी आपला पट्ट्यांचा वाटा फक्त मुलग्यांना देते, मुलींना देत नाही. तांबड्या ऱ्होड आयलंड कोंबड्याला पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी जोडली, तर पिले काळी निघतात. पण ज्यांच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो ते नर आणि ठिपका नसलेल्या त्या माद्या. एका दिवसाच्या पिलात नरमादी ओळखता येते ती अशी. हीच जोड उलटी लावली, म्हणजे कोंबडा पट्टेरी आणि कोंबडी तांबडी घेतली, तर ठिपका सगळ्यांनाच येतो आणि ओळख बुडते.

आपल्या भागाशी या रंगांचे नाते जवळचे आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. तो आपल्याकडचा नव्हे. आपल्या सह्याद्रीत, भीमाशंकरच्या जंगलात, आहे तो राखी रानकोंबडा. पण कोंबडीचे पाय आणि कातडी पिवळी असतात ना, तो पिवळेपणा या राखी रानकोंबड्याकडून आला, असे 2008 साली संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे साऱ्या जगातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांवर या रानाचे थोडे ऋण आहे. रानकोंबड्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्याला फासा लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

अंड्याच्या रंगाबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. टरफल तपकिरी की पांढरे हे जातीवर अवलंबून; त्याचा पौष्टिकपणाशी संबंध नाही. बलकाचा गडद पिवळा रंग येतो तो हिरवा पाला आणि मका यांमुळे. तपकिरी तेवढे गावठी, हे खरे नव्हे.

मग पाळावी कोणती? गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, सुधारित वाण त्याहून पुष्कळ जास्त. पण सुधारित कोंबडी सहसा खुडूक होत नाही, आणि खुडूक कोंबडीवाचून घरच्या घरी पिले कोण काढणार? तेव्हा माझा सल्ला असा की, चार सुधारित असल्या तरी दोन गावठी ठेवाव्यात. खुडूक कोंबडीला टोपलीत भुसा घालून अंधाऱ्या, निवांत जागी रवणावर बसवावे. खाली 10 ते 12 अंडी पुरेत. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडापुढे अंडे धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव धरला. स्वच्छ दिसले तर काढून टाकावे. 21 व्या दिवशी पिले बाहेर येतात. आठदहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. मात्र तोच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवला की बापलेकींची जोड लागते आणि पिले नाजूक निघतात. दरवर्षी दुसऱ्या वाडीशी कोंबड्याची अदलाबदल करावी.

आता खुराडे. डालीखाली कोंबड्या झाकण्याची रीत जुनी आहे, पण डाल बिबट्याला अडवीत नाही, मुंगसालाही नाही. रात्री प्रत्येक पक्ष्याला 2 चौरस फूट जागा लागते. म्हणजे 12 पक्ष्यांना 6 फूट लांब आणि 4 फूट रुंद खुराडे झाले. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. पश्चिम पट्ट्यात पावसाचा मारा असतो, तेथे खुराडे जमिनीपासून अडीच-तीन फूट उचलून खाली बांबूच्या पट्ट्यांची तळी करावी. पावसाच्या बाजूला कारवीचा कूड शेणामातीने लिंपून घ्यावा, वरच्या अंगाला मात्र वारा खेळता ठेवावा. ओतूर-मंचरकडच्या कोरड्या भागात जमिनीवरच तीन-चार बोटे भाताचे तूस पसरले तरी चालते. ते अधूनमधून हलवावे, ओले झाले की काढावे. आत बसायला आडवी काठी, आणि चारपाच कोंबड्यांमागे एक फूटभर लांबीरुंदीची अंड्यांची पेटी ठेवावी.

जाळीत मात्र काटकसर करू नये. मोठ्या भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण सापाला बाहेर ठेवीत नाही. अर्ध्या इंचाची जोडतारेची जाळी घ्यावी. दाराला कडी हवी आणि ती दिवेलागणीच्या आत लागली पाहिजे. या दोन तालुक्यांत बिबट्या उसात वावरतो. माणिकडोहच्या निवारा केंद्रामुळे ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली आहे. तेव्हा खुराडे उसाच्या कडेला नको, घराच्या भिंतीला लागून हवे. रात्री कोंबड्या ओरडल्या म्हणून लहान मुलाला किंवा एकट्या बाईला बाहेर पाठवू नये. कोंबडी गेली तर पुन्हा येईल.

शेवटी ती पेढी बुडाल्याची गोष्ट. मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात आजीने बाजारातून एक देखणी तलंग आणली आणि तशीच इतरांत सोडली. चौथ्या दिवशी ती मान वाकडी करून बसली, हिरवट पातळ हगवण लागली. आठ दिवसांत आमची 22 कोंबडी गेली आणि मग शेजारची. थोरल्या बहिणीची दहावीची फी त्यांतून जायची होती. ती आजीच्या कानातल्या बुगडीतून गेली. हा रोग मानमोडी. 1928 च्या सुमारास कुमाऊंतल्या राणीखेतला आढळला म्हणून त्याला राणीखेत म्हणतात. त्यावर औषध नाही, लस आहे. आणि ती पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते.

मग ती वाडीपर्यंत पोचत का नाही? अडचण अशी की, लसीची कुपी बहुधा 100 पक्ष्यांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि पाण्यात मिसळल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या धनिणीला ती एकटीला परवडत नाही. पण दहा घरांनी एक दिवस ठरवला, एकीने पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुपी आणली, तर एका सकाळी साऱ्या वाडीचे काम होते. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि दोन महिन्यांची झाल्यावर टोचणी, असा साधारण क्रम असतो. नेमके वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. विकत आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवावा. आजारी पक्षी बाजारात नेऊ नये. आमच्या घरी रोग आला तो अशाच कोणाच्या तरी पाटीतून. आणि एकाएकी खूप पक्षी मेले, तर खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत, दवाखान्याला कळवावे. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून ही खबरदारी सर्वांच्याच हिताची ठरली आहे.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. पण उन्हाळ्यापूर्वी वाडीतल्या दहा जणींनी बसून लसीचा दिवस ठरवला नाही, तर तांबडे फुटेल आणि ते सांगायला परसात कोंबडा नसेल. तो दिवस याच आठवड्यात ठरवा.