चाक बाहेर काढण्याआधी: ऑफसेटचा हिशोब

पावसाळा सरला की काळ्या जमिनीच्या पांदणीत बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल रेघा वाळून टणक होतात. हीच चाकोरी. ज्या बंडीच्या दोन चाकांमधलं अंतर गावातल्या बाकी बंड्यांपेक्षा चार बोटं जास्त, तिचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं काठावर चालतं. बैल उगाच थकतात आणि आख एका अंगाने झिजतो. चार बोटांचा फरक किती महाग पडतो, हे आपल्या जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

मोटारीच्या बाबतीत मात्र ते सांगावं लागतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास पांढुर्णा आणि सौंसरच्या रस्त्यांवर एम.पी. २८ पाटीच्या कितीतरी गाड्या नवे रुंद अलॉय घालून फिरताना दिसतात. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावत असतात. दिसायला रुबाबदार, यात वाद नाही. पण ते चाक बाहेर आलं कशामुळे, आणि त्याने आतल्या बेअरिंगचं काय झालं, हे पोरांना कोणी समजावलेलं नसतं.

रिमची रुंदी मधोमध कापणारी एक रेघ मनात धरा. रिमचा जो सपाट भाग हबवर टेकतो, तो या मधल्या रेघेपासून किती मिलिमीटर दूर आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. टेकणारा भाग रेघेच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. आजच्या बहुतेक मोटारींचा तो धनच असतो. रिमच्या मागच्या बाजूला ‘ईटी ४५’ असं कोरलेलं सापडतं. ईटी हे एका जर्मन शब्दाचं लघुरूप आहे. लक्षात ठेवायचं एवढंच की आकडा मोठा तर चाक आत, आकडा लहान तर चाक बाहेर.

घोटाळा होतो तो रुंदी आणि ऑफसेट एकदम बदलल्यावर. समजा मूळ रिम ७ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे, आणि नवं ८ इंची, ईटी ३५. वाढलेला एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तो दोन्ही बाजूंना १२.७ असा वाटला जातो. ऑफसेट १० ने घटल्यामुळे सगळं चाक १० मिलिमीटर बाहेर सरकतं. म्हणजे बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड २.७ मिलिमीटर आत गेली. प्रत्येक बाजूला जवळजवळ इंचभर! आता तेच ८ इंची रिम ईटी ४५ चं घेतलं तर बाहेर १२.७ आणि आतही १२.७. ते दिसायला बरं, पण आत शॉकअबसॉर्बरला घासण्याची भीती. दुकानदाराला आकडे विचारा आणि हा हिशोब कागदावर स्वतः करा.

आकडा पुसला गेला असेल तर मोजता येतो. टायर काढलेलं रिम तोंडावर पालथं ठेवा, मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबवर टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजा. खोलीतून रिमच्या एकूण रुंदीचा निम्मा भाग वजा करा. एकूण रुंदी कडेपासून कडेपर्यंत धरायची. ७ इंची रिमची ती साधारण ८ इंच, म्हणजे २०३ मिलिमीटर भरते, कारण लिहिलेले ७ इंच टायर बसतो त्या आतल्या जागेचे असतात. खोली १४६.५ निघाली तर त्यातून १०१.५ गेले, ऑफसेट ४५. सेकंडहँड रिम घेताना ही दहा मिनिटं जरूर काढावीत.

भोकं जुळली म्हणजे चाक जुळलं, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज. माझदाची एमएक्स-५ ही दोन माणसांची नामांकित स्पोर्ट्स कार घ्या. तिच्या सध्याच्या पिढीला चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत आणि मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं. आपल्या रस्त्यावरच्या स्विफ्टचंही तेच माप! पण माझदाच्या नटाचे आटे १.५ मिलिमीटरचे, सुझुकीचे १.२५ चे. एकाचा नट दुसऱ्यावर जोर लावून फिरवला की स्टडचे आटे गेलेच म्हणून समजा. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे ते अनेक गाड्यांना चालतं. तिथे योग्य मापाची रिंग घातली नाही तर चाक हबवर नेमकं मधोमध बसत नाही आणि वेगात स्टेअरिंग थरथरतं.

चाक बाहेर गेल्यावर बिघडतं काय? भरलेली घागर कमरेला टेकवून न्या आणि मग तीच हात लांब करून धरून पाहा. बेअरिंगवर नेमका तसा ताण येतो. दुसरी गोष्ट स्टेअरिंगची. पुढचं चाक ज्या तिरप्या आसाभोवती वळतं, तो आस जमिनीला जिथे टेकेल ती जागा आणि टायर जमिनीला टेकतो त्याचा मध्य, यांतलं अंतर इंजिनियरांनी फार विचाराने ठरवलेलं असतं. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये ते मुद्दाम असं ठेवलं होतं की ब्रेकचा एक भाग निकामी झाला तरी गाडी सरळ राहावी. ऑफसेट घटवला की हे अंतर बदलतं. मग एका बाजूची चाकं रेतीवर आणि दुसऱ्या बाजूची डांबरावर असताना ब्रेक दाबला तर स्टेअरिंग हाताला ओढ देतं. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानी घाटाच्या वळणावर ही ओढ कोणालाच नको.

हबवर चकती म्हणजे स्पेसर बसवून चाक बाहेर काढणं हाही तोच प्रकार. १० मिलिमीटरची चकती म्हणजे ऑफसेट १० ने कमी. शिवाय तेवढाच स्टड नटाच्या आत कमी जातो, तेव्हा लांब स्टड नसतील तर चकती घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टायरचा व्यासही मूळच्या जवळ ठेवावा. १८५/६५ आर १५ चा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर. १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला तर तोही जवळपास तेवढाच येतो, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही आणि विमा कंपनीही अपघातानंतर नेमकं तेच तपासते. म्हणून बदल करायचाच तर मूळ ऑफसेटच्या आसपासच राहा.

नवं चाक बसवल्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहा. मग मागे चार माणसं बसवून खड्ड्यातून हळू न्या आणि टायर कुठे घासतो का ते ऐका. नट टॉर्क पान्यानेच, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतके आवळायचे आणि शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासायचे.