नव्या झडपेशेजारची दोन तोंडे
हृदयाच्या झडपा : लेखांक ६

मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन, छाती न उघडता महाधमनीची झडप कशी बसवतात, हे आपण मागच्या लेखात पाहिले. या उपचाराला ‘टावी’ म्हणतात. फ्रान्समधील रूआँ येथे डॉ. आलें क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी तो जगात प्रथम केला. आज त्यातल्या एका दुर्मीळ, पण जिवावर बेतणाऱ्या धोक्याविषयी.

छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत जुनी झडप कापून काढतात. टावीत ती आतच राहते. नवी झडप उघडताना जुन्या, चुन्याने कडक झालेल्या पाकळ्या महाधमनीच्या भिंतीकडे रेटल्या जातात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या डाव्या आणि उजव्या करोनरी धमन्यांची तोंडे नेमकी याच भिंतीत असतात.

बहुतेकांच्या बाबतीत पाकळी आणि तोंड यांच्यामध्ये पुरेशी जागा उरते. काहींची तोंडे मात्र झडपेच्या तळापासून जेमतेम १० ते १२ मिलिमीटरवर असतात आणि तिथला महाधमनीचा फुगीर भागही अरुंद असतो. अशा वेळी पाकळी तोंडावर जाऊन बसू शकते. हे शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत घडते. त्यात स्त्रिया अधिक असतात, कारण त्यांच्या महाधमनीचे मूळ लहान असते. पूर्वी बसवलेल्या जैविक झडपेच्या आत नवी झडप बसवायची असेल, तर धोका कित्येक पटींनी वाढतो.

तोंड झाकले गेले की रक्तदाब कोसळतो आणि ईसीजी बदलतो. तातडीने स्टेंट घालून, क्वचित बायपास करून वाट मोकळी करावी लागते. तरीही अनेक रुग्ण वाचत नाहीत. म्हणून खरी लढाई आधीच लढायची असते. सीटी स्कॅनवर तोंडांची उंची आणि भोवतालची जागा मोजतात. धोका दिसला, तर करोनरीत तार आणि स्टेंट आधीच तयार ठेवतात. ‘बॅसिलिका’ नावाच्या तंत्रात विद्युतप्रवाह दिलेल्या बारीक तारेने जुनी पाकळी उभी चिरतात, म्हणजे त्या फटीतून रक्त करोनरीपर्यंत पोहोचते.

दुसरा प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे. टावीच्या अनेक रुग्णांना करोनरीचा आजारही असतो. उद्या छातीत दुखू लागले, तर अँजिओग्राफीची नळी झडपेच्या धातूच्या जाळीतून त्या तोंडात न्यावी लागते. जाळी उंच असेल आणि पाकळ्यांचा सांधा नेमका तोंडासमोर आला असेल, तर हे काम फार अवघड होते. २०१९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनंतर कमी जोखमीच्या रुग्णांसाठीही टावीचा मार्ग खुला झाला. अशा रुग्णांपुढे बरेच आयुष्य असते आणि पहिली झडप झिजल्यावर दुसरी बसवण्याची वेळही येऊ शकते. म्हणूनच पहिली झडप निवडतानाच दुसरीचा विचार व्हायला हवा.

तेव्हा संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा : माझ्या करोनरींची तोंडे किती उंचीवर आहेत? या झडपेनंतर अँजिओप्लास्टी करता येईल का? ही झडप झिजली तर पुढे काय? झडपेचा प्रकार आणि आकार लिहिलेले कार्ड कायम जवळ ठेवा. उपचारानंतर छातीत दुखले, धाप लागली किंवा भोवळ आली, तर घरी थांबू नका.

(पुढील लेखात : टावीनंतर पेसमेकर का लागतो?)